तीन अटी आणि वाटीभर डाळिंब्या

अहो वहिनी, ऐकलंत का? छे, तिथून नाही ऐकू यायचं, अशा कुंपणाशी या. ती मेंदी जरा बाजूला करा… हां. आधी ही वाटी धरा. वालाच्या डाळिंब्या आहेत, सोललेल्या. काल रात्री सोलत बसले होते, झोप म्हणून येईना. कशी येणार? आपल्या हॉलमध्ये काल तो कार्यक्रम झाला आणि तुम्ही नेमक्या माहेरी! काय चुकवलंत म्हणून सांगू. म्हणजे रंगावा असा काही कार्यक्रम नव्हता तो. पण रंगला.

काल अठ्ठावीस फेब्रुवारी. विज्ञान दिन. दरवर्षी आपल्याकडे काय होतं? मुलांचा ज्वालामुखी होतो, सोडा आणि व्हिनेगरचा, आणि मग सगळ्यांना बटाटेवडा. यंदा सेक्रेटरींच्या डोक्यात आलं की व्याख्यान ठेवू. वक्ते कोण, तर गुलमोहराखालच्या बंगल्यातले प्रोफेसरकाका. फुकट, आणि चालत येण्यासारखे. टेबलावर रामनसाहेबांचा फोटो, तो फेट्यातला, त्याला झेंडूचा हार. पहिल्या रांगेत सगळे पुरुष. आणि हो, पहिल्याच रांगेच्या टोकाला, काठी मांडीवर आडवी ठेवून, आपल्या चिंचेजवळच्या आजी. त्या मुंबईला कुठल्याशा लॅबमध्ये तीस वर्षं होत्या ना, त्या. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं, आपल्या आपण येऊन बसल्या. आम्ही बायका मागे, वडे मोजत.

काका बोलले चाळीस मिनिटं. समुद्र निळा का, प्रकाश विखुरतो कसा, १९२८ साली काय झालं, १९३० साली नोबेल कसं मिळालं. खोटं कशाला बोलू, छान बोलले. मग म्हणाले, "कुणाला काही प्रश्न?" आता आपल्याकडे प्रश्न कोण विचारतं? पण कोपऱ्यावरच्या बंगल्यातली नात आहे ना, अकरावी सायन्सची, ती उभी राहिली. केस असे वर बांधलेले, हातात वही. आणि म्हणते कशी, "काका, रामनसरांनी कमला सोहोनींना अॅडमिशन का नाकारली होती?"

अहो, शांतता! पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला. काकांनी पाण्याचा ग्लास तोंडाला लावला, त्यात पाणीच नव्हतं, तरी प्याले. काकूंनी पदर सारखा केला, मग पुन्हा सारखा केला. सेक्रेटरी घड्याळाकडे बघायला लागले. आणि त्या आजी… त्यांनी काठी मांडीवरून उचलली आणि हळूच जमिनीवर टेकवली. टक्. बस्स.

कमलाबाई म्हणजे आपल्या दुर्गाबाई भागवतांची बहीण हो. त्याच, कऱ्हाडच्या संमेलनाच्या, आणीबाणीत ताठ उभ्या राहिलेल्या. घराणंच तसलं. वडील नारायणराव आणि काका माधवराव, दोघेही बंगळूरला टाटांच्या इन्स्टिट्यूटमधून शिकलेले केमिस्ट. म्हणजे घरातच कौतुक त्या जागेचं. पोरीच्या मनात लहानपणापासून तेच. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. झाली, रसायनशास्त्र घेऊन, आणि पहिली आली. पहिली! आता पहिल्या आलेल्या मुलीला कोण नाही म्हणेल?

रामन म्हणाले.

त्याच साली ते तिथले डायरेक्टर झाले होते. कारण काय, तर मुलगी आहे. दुसरं काहीही नाही. मार्क कमी नाहीत, फीची अडचण नाही, काही नाही. वडील-काका बोलून थकले. पण ही भागवतांची मुलगी, ती गप्प बसते होय? गाडीत बसून थेट बंगळूरला गेली, साहेबांच्या समोर उभी राहिली आणि म्हणाली, सत्याग्रह करीन. दिवस गांधींचे. साहेबांचा चेहरा तेव्हा कसा झाला असेल हो! मी काल रात्रभर तोच डोळ्यासमोर आणत होते. नोबेल मिळवलेला माणूस आणि दारात विशी-बाविशीची पातळ नेसलेली पोर, हलायला तयार नाही.

तर घेतलं शेवटी. पण कसं घेतलं? तीन अटींवर. ऐका आता. पहिली अट, नियमित विद्यार्थिनी म्हणून नाही, आधी वर्षभर बघू, काम पटलं तर धरू. दुसरी, गाइड सांगतील तेव्हा रात्री उशिरापर्यंतसुद्धा काम करायचं. आणि तिसरी… ही तर मी सूनबाईला दोनदा वाचायला लावली… लॅबमधलं वातावरण बिघडवायचं नाही! म्हणजे काय हो? बिचारी परीक्षानळ्या घेऊन उभी राहणार, आणि पुरुषांची मनं विचलित झाली तर दोष हिचा. मी म्हटलं सूनबाईला, आपल्या लग्नातसुद्धा इतक्या अटी नव्हत्या. ती म्हणाली, "आई, तुमच्या नसतील." आता ह्याचा अर्थ काय घ्यायचा, तुम्हीच सांगा.

असो. तर काय सांगत होते… हां, अटी. ह्या तिन्ही अटी त्या पोरीने हॉलमध्ये, माइकवर, खणखणीत वाचून दाखवल्या. एक, दोन, तीन. मागे आमच्या हातातले वडे हातात. काकू माझ्याजवळच होत्या, पुटपुटल्या, "बाई गं, हे ह्यांनी मला कधी सांगितलं नाही." बेचाळीस वर्षांचा संसार, घरात रामनसाहेबांचा फोटो, आणि हे नाही सांगितलं!

मग काका सावरले. म्हणाले, "त्या काळाचा विचार करायला हवा. आणि नंतर रामनसरांचं मत बदललं." ते खरंच आहे हं, मी अन्याय नाही करणार. वर्षभर तिचं काम बघितलं, श्रीनिवासय्या म्हणून गाइड होते, फार कडक, पण मनापासून शिकवणारे. दूध, डाळी, कडधान्यं, त्यातली प्रथिनं, हे तिचं काम. वर्ष सरलं, साहेबांना पटलं, तिला नियमित करून घेतलं, आणि त्यानंतर मुलींना दार उघडलं. माप हिने ओलांडलं, मग बाकीच्या आत आल्या. १९३६ मध्ये एम.एस्सी. झाली. पण म्हणून ती विसरली असं समजू नका. पुढे म्हातारपणी भारतीय महिला वैज्ञानिकांच्या संघटनेनं तिचा सत्कार केला, तेव्हा ती भर सभेत बोलली. माणूस शास्त्रज्ञ म्हणून थोर, पण मन कोतं, आणि केवळ बाई म्हणून जे वागवलं ते मी कधी विसरू शकत नाही, अशा अर्थाचं. इतक्या वर्षांनी! मला तर फार बरं वाटलं ऐकून. आपण नाही का, सासूबाई जाऊन वीस वर्षं झाली तरी ती पुरणपोळीची गोष्ट…

नको, ते जाऊ दे. कुंपणाला कान असतात.

आणि रामनसाहेबांकडे आत आलेल्यांचं तरी काय झालं हो? त्या अॅना मणी. हवामान खात्याच्या, मोठं नाव. त्यांनी रामनसाहेबांच्या हाताखाली हिऱ्या-माणकांवर काम केलं, प्रबंध लिहून पुरा केला, आणि मद्रास विद्यापीठ म्हणालं, एम.एस्सी. नाही तर पीएच.डी. नाही. संपलं. डॉक्टर न होताच त्या देशभरची हवामानाची यंत्रं उभी करत राहिल्या.

बरं, कमलाबाई. ती गेली केंब्रिजला. हॉपकिन्स, व्हिटॅमिनवाले, नोबेलवाले, त्यांच्याकडे. आधी डेरेक रिक्टर, मग रॉबिन हिल यांच्या हाताखाली. आणि काम कशावर? बटाट्यावर! हो, आपण उपासाला किसतो तोच. त्या बटाट्यात तिला सायटोक्रोम सी सापडलं. सूनबाईनं मला असं सांगितलं की पेशी श्वास घेते ना, त्या कामात हा एक हमाल असतो, इकडचा इलेक्ट्रॉन उचलायचा, तिकडे नेऊन ठेवायचा. तर तो झाडांच्या पेशीपेशीत असतो, हे हिने दाखवलं. एक बटाटा चिरून सगळ्या वनस्पतींबद्दल बोलली म्हणा ना. मी हजारो किलो चिरले असतील, मला कोंब सोडून काही सापडलं नाही.

चौदा महिने. काम आणि लिखाण मिळून चौदा महिने, आणि प्रबंध किती पानांचा? चाळीस! आमच्या नणंदेचा मुलगा नऊ वर्षं करतोय, चारशे पानं झाली म्हणे, आणि अजून प्रस्तावनाच चालू आहे. हे मी तुम्हाला म्हणून सांगते हं. १९३९ साली कमलाबाईंना पीएच.डी. मिळाली. आणि केंब्रिजचंही फार कौतुक करू नका. तिथे १९४८ पर्यंत बायकांना पदवी द्यायची, पण नावापुरती. विद्यापीठाचं सभासदत्व, मतदान वगैरे पुरुषांकडे. म्हणजे साहेबाच्या देशातही तीच कथा, फक्त इंग्रजीत.

इथे काकांना संधी मिळाली. ते म्हणाले, "पण बाळ, सोहोनी ह्या पहिल्या नव्हेत. जानकी अम्माल यांना १९३१ सालीच मिशिगन विद्यापीठाची डी.एस्सी. मिळाली होती." एवढं म्हणून त्यांनी सगळीकडे बघितलं, जिंकल्यासारखं. खरं आहे ते, जानकी अम्माल झाडांवाल्या, उसावर काम केलेल्या. आणि भारतातल्याच विद्यापीठाची म्हणाल तर कलकत्त्याच्या असीमा चटर्जी, १९४४. पहिली कोण, ह्याच्यावर माणसं तासन् तास भांडतात. पण ती पोरगी भांडलीच नाही. शांतपणे म्हणाली, "मग काका, तुम्ही चाळीस मिनिटांत जानकी अम्मालचं नाव तरी घ्यायचं होतंत."

अगं बाई! मागून एक टाळी पडली. कुणाची ते मी सांगणार नाही. काकूंच्या हातात वड्यांचं ताट होतं, म्हणजे त्यांची नसावी. पण ताट खाली ठेवलेलं मी पाहिलं.

तर काय सांगत होते… ह्या डाळिंब्या! अहो, मूळ मुद्दा तोच तर होता. कमलाबाई परत आली. अमेरिकेतल्या औषध कंपन्या बोलावत होत्या, ती नाही गेली. दिल्लीला लेडी हार्डिंज कॉलेज, मग कुन्नूरला पोषणाच्या प्रयोगशाळेत. तिथेही वर चढायला वाव नाही, राजीनामा द्यावा असं मनात. अशात सोहोनींचं स्थळ आलं. विम्याचं गणित करणारे, अॅक्च्युअरी. १९४७ मध्ये लग्न झालं आणि मुंबईला आली. आणि मग तिकडे, काळा घोड्याजवळच्या त्या दगडी रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये बायोकेमिस्ट्रीची प्रोफेसर.

आणि तिथे तिने विषय काय घेतले बघा. गरिबाच्या ताटातले. डाळी, कडधान्यं, भाताचं पीठ, नीरा. त्यातले वाल! आपले हे, कडवे वगैरे सगळं ते खानदान. वालात एक पदार्थ असतो, तो आपल्या पोटातल्या ट्रिप्सिनला अडवतो. ट्रिप्सिन म्हणजे प्रथिनं पचवणारं रसायन. ते अडलं की खाल्लेलं अंगी लागत नाही. तर तो अडवणारा पदार्थ वालातून आणि डबल बीमधून वेगळा काढून त्याचे स्फटिक केले तिच्या लॅबनं, आणि १९५५ साली 'नेचर'मध्ये छापून आलं. 'नेचर'मध्ये वाल! आणि चांगलं शिजवलं की हा गडी बराचसा निपचित पडतो. माझी आजी सांगायची, वाल भिजवा, मोड काढा, साली काढा, बोटचेपे शिजवा, कच्चट ठेवलेत तर बाधतात. तिला वाटायचं, वाताचं आहे. तर ते हे.

बघा, ही एक डाळिंबी घ्या. अंगठ्याने अशी दाबली की साल टोपीसारखी उडते. मोड मोडता कामा नये. रात्री अकरापर्यंत मी हेच करत होते, आणि प्रत्येक डाळिंबीला मनात म्हणत होते, तुझं नाव 'नेचर'मध्ये आलंय, आणि मी तुला आमसूल आणि गूळ घालतेय.

नीरेचं तर तुम्हाला ठाऊक असेलच. राजेंद्रप्रसादांनी सुचवलं म्हणून काम हाती घेतलं. नीरेत व्हिटॅमिन, लोह, आणि आदिवासी पोरांना, पोटुशा बायकांना दिली तर उपयोग होतो, असं तिच्या कामातून दिसलं. राष्ट्रपतींचं पारितोषिक मिळालं त्याला. आमचे हे तरुणपणी पहाटे स्टेशनबाहेर नीरा प्यायचे, मी भांडायचे, म्हणायचे ताडी पिता. उगाच भांडले. ह्यांना हे अजून सांगितलेलं नाही, तुम्हीही सांगू नका.

आता खरी मेख. इतकं सगळं झाल्यावर इन्स्टिट्यूटची डायरेक्टर व्हायची पाळी आली, तर चार वर्षं लटकवलं म्हणे. आतलं राजकारण, आणि पुन्हा तेच, बाई. झाली शेवटी. तेव्हा केंब्रिजच्या त्या रिक्टरांनी म्हटलं की एवढ्या मोठ्या संस्थेची पहिली बाई डायरेक्टर होऊन हिने इतिहास घडवला. तिकडच्या माणसाला कळलं. आणि निवृत्त होऊन घरी बसली असं नाही. १९६६ मध्ये मुंबईत नऊ बायकांनी ती ग्राहकांची संस्था काढली ना, कन्झ्युमर गायडन्स सोसायटी, भेसळ पकडणारी, वजनकाटे तपासणारी. त्यातही ही. त्यांच्या 'कीमत' मासिकात लेख लिहायची. दुकानदार काय घाबरत असतील! दारात उभी केंब्रिजची डॉक्टर, हातात हळदीची पुडी.

मग आपण तिला काय दिलं? हे त्या पोरीनं नाही, आमच्या सूनबाईनं विचारलं, रात्री ओट्याशी. २०२० मध्ये, ह्याच अठ्ठावीस फेब्रुवारीला, सरकारनं अकरा शास्त्रज्ञ बायकांच्या नावानं अध्यासनं जाहीर केली. अॅना मणी आहेत, जानकी अम्माल आहेत, असीमा चटर्जी आहेत. आपल्या इरावतीबाई कर्वे आहेत. कमल रणदिवे आहेत, त्या पुण्याच्या, कॅन्सरवाल्या, ज्यांनी ती महिला वैज्ञानिकांची संघटना काढली. सगळ्या त्या मानाच्याच. पण कमल आहे, कमला नाही. मी यादी चष्मा पुसून पुन्हा बघितली. सरकारी भटनागर पारितोषिकाचंही तसंच. १९६१ मध्ये पहिल्यांदा एका बाईला मिळालं, असीमाबाईंना. आणि पुढची बाई केव्हा? १९७५. चौदा वर्षं! श्रीरामसुद्धा तेवढ्यात परत आले. कमलाबाईंचं चित्र गूगलनं लावलं, २०२३ च्या जूनमध्ये, वाढदिवसाला. सकाळी सगळ्यांनी ते पाहिलं, त्यावरच बोट ठेवलं आणि आंब्याचा भाव शोधला.

आणि तो दिल्लीचा सत्कार… हे मला सांगवत नाही, पण सांगते. आयसीएमआरच्या पहिल्या बाई महासंचालक, डॉ. सत्यवती, त्यांना कमलाबाईंची गोष्ट कळली. त्यांनी मोठा समारंभ करून बोलावलं दिल्लीला. ऐंशीच्या पुढची म्हातारी. गेली. आणि त्या समारंभातच कोसळली हो. थोड्याच काळात गेली. इतक्या वर्षांनी आलेली शाल, आणि… असो.

हे त्या पोरीनं हॉलमध्ये सांगितलं, तेव्हा मात्र कुणी कुणाकडे बघेना. काका खाली बघत होते. मग उठले, टेबलाकडे गेले, रामनसाहेबांचा फोटो किंचित सरकवला. बाजूला जागा केली. तिथे ठेवायला दुसरा फोटो कुणाकडेच नव्हता. जागा तशीच राहिली.

आणि आता खरी गंमत, जी सांगायला मी तुम्हाला हाक मारली. आपले सेक्रेटरी! त्यांना असं वाटलं की आता आपण काहीतरी केलंच पाहिजे, आत्ताच्या आत्ता. माइक घेतला आणि म्हणाले, "आपल्या कॉलनीतही एक ज्येष्ठ वैज्ञानिक भगिनी आहेत. पुढच्या रविवारी आपण त्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करू या." आणि हात केला आजींकडे. वीस वर्षं राहतात त्या इथे. वीस वर्षांत पाण्याच्या टाकीत किती ब्लिचिंग पावडर टाकायची, एवढंच विचारायला गेलाय हा माणूस त्यांच्याकडे.

आजी उठल्या. काठी टेकत टेकत. माइकची गरजच नाही, आवाज अजून लॅबमधलाच. म्हणाल्या, "सत्कार घेईन. पण माझ्या तीन अटी आहेत."

हॉल चिडीचूप.

"पहिली, ह्या वर्षी नाही. आधी वर्षभर तुमचं वागणं बघीन, पटलं तर नियमित सत्कार. दुसरी, वेळ मी सांगेन ती, मग रात्रीचे अकरा वाजोत. आणि तिसरी…" इथे त्या थांबल्या, पहिल्या रांगेतल्या एकेका पुरुषाकडे बघितलं, "माझ्या घरी याल तेव्हा तिथलं वातावरण बिघडवायचं नाही."

अहो, काकू इतक्या हसल्या, इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. ती पोर तर वहीत तोंड खुपसून हसत होती. आणि सेक्रेटरी? त्यांनी खिशातून डायरी काढली आणि तिन्ही अटी लिहून घेतल्या हो! तिसरीला विचारलंसुद्धा, "वातावरण म्हणजे नक्की काय धरायचं?"